अर्धी बैठक

भोसरीपासून चाकणपर्यंत पसरलेल्या या कारखान्यांच्या पट्ट्यात आपल्यापैकी अनेकांच्या घरचा कोणी ना कोणी पाळीवर जातो. माझे वडील लेथवर काम करतात. ते नेहमी म्हणतात, "जॉब कितीही चकचकीत असू दे, गेजमध्ये बसला नाही तर रिजेक्ट!" हे वाक्य मला व्यायामशाळेत आठवले, पण जरा उशिराच.

पॉवरलिफ्टिंगमध्ये स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट असे तीन प्रकार असतात. त्यांपैकी स्क्वॉट म्हणजे पाठीवर बार घेऊन मारलेली बैठक. तालमीतला पैलवान चवड्यांवर येऊन शेकडो बैठका मारतो. येथे टाचा जमिनीला घट्ट टेकलेल्या असतात, वजन भारी असते आणि बैठका मोजक्याच असतात.

गेल्या वर्षी मी 100 किलो पाठीवर घेत असे. मित्र वाहवा करीत आणि माझी छाती फुगे. एके दिवशी एका वडीलधाऱ्या व्यायामपटूंनी मला बाजूला घेतले. "बाळ, ही बैठक नव्हे, हा नुसता नमस्कार झाला. पूर्ण बसून दाखव." पूर्ण बसायला गेलो तेव्हा 60 किलोतच घाम फुटला!

स्पर्धेचा नियम स्पष्ट आहे. खुब्यापाशी मांडीचा वरचा भाग गुडघ्याच्या माथ्याच्या खाली गेला पाहिजे. तीन पंच असतात. त्यांपैकी किमान दोघांनी पांढरा दिवा दिला तरच वजन मोजले जाते. हेच त्या खेळाचे गेज.

कोणी म्हणतील, पूर्ण बसल्याने गुडघे निकामी होतात. मला हे पटत नाही. निरोगी माणसाला खोल बसण्यापेक्षा घाईचाच धोका अधिक. पोटात श्वास भरून धड ताठर ठेवावे, गुडघे पावलांच्या दिशेने न्यावेत, बार पावलाच्या मध्यावर राहावा आणि वजन अडीच-अडीच किलोनेच वाढवावे. भारी वजनाला आधाराचे आडवे दांडे लावावेत. ज्यांचे गुडघे आधीच दुखतात, त्यांनी मात्र प्रथम डॉक्टरांना विचारावे.

मित्रहो, अर्धी बैठक फक्त व्यायामशाळेतच असते का? मूळ पुस्तक न उघडता गाईडवर मिळवलेला प्रथम वर्ग ही कोणती बैठक? आकडा मोठा, खोली शून्य!

म्हणून जिमखान्याला माझी एक विनंती आहे. येत्या वर्षी स्क्वॉटची स्पर्धा जरूर घ्यावी, पण खोली पाहायला तीन पंच बसवावेत. वजनाचे आकडे घसरतील, टाळ्याही कमी पडतील. तरी चालेल. आज मी 80 किलोवर आहे. आकडा कमी झाला, पण तो खरा आहे. वडिलांना तो सांगताना मला मान खाली घालावी लागत नाही.