ठकीचं मूत कोणी पुसायचं?

गेल्या बैठकीत अंकाचे विषय ठरत होते, तेव्हा मी म्हटलं, म्हातारी कुत्री घरात शी-शू करायला लागली की काय होतं त्यावर लिहिते. सगळ्या हसल्या. एकजण म्हणाली, "अगं, पाणी, रेशन, मारहाण एवढं सगळं पडलंय आणि तू कुत्रीचं मूत काय घेऊन बसलीस?" पण चहाच्या वेळी तिघीजणी एकेक करून माझ्याजवळ आल्या. एकीकडे तेरा वर्षांचा कुत्रा आहे. दुसरीचे सासरे अंथरुणाला खिळले आहेत. तिसरी हळूच म्हणाली, "मला स्वतःलाच खोकला आला की होतं गं, पण हे कुणाला सांगायचं?" तेव्हा विषय आपल्या अंकातलाच आहे याची मला खात्री पटली.

आमची ठकी गावठी. 2011 च्या पावसाळ्यात जिन्याखाली सापडली. मुलगा तेव्हा सातवीत होता, त्याने हट्ट करून ती वर आणली. "मी सगळं करीन" असं तो म्हणाला होता. सातवीतली मुलं असं म्हणतातच. आज तो नोकरी करतो आणि ठकी चौदा वर्षांची आहे. आम्ही डोंबिवलीत राहतो, तिसरा मजला, लिफ्ट नाही. ठकीचे मागचे पाय आखडलेत, जिना उतरताना ती मध्येच बसते. गेल्या वर्षीपासून घरात होऊ लागलं. आधी झोपेत गोधडी ओली व्हायची. मग स्वयंपाकघराच्या दाराशी, मग रात्री कुठेही.

आता पाहा, घरात ही गोष्ट कशी बोलली जाते. नवरा म्हणतो, "आपल्याला आता हे झेपत नाही." मुलगा म्हणतो, "आपण तिला त्रास देतोय." दूरची नणंद फोनवर म्हणते, "एखाद्या शेतावर नेऊन सोडा, तिथे मोकळी राहील." ह्या "आपण"मध्ये पहाटे साडेचारला उठून अंधारात चप्पल न घालता ओल्यात पाय पडणारी एकच व्यक्ती आहे. झेपत नसेल तर ते मला झेपत नसणार. माझी दमणूक पुढे करून निर्णय मात्र दुसऱ्यांनी घ्यायचा, आणि पुढे कुणी विचारलं की "हिलाच होत नव्हतं" म्हणून माझ्याकडेच बोट दाखवायचं, हे मला मान्य नाही.

केंद्र सरकारने 2019 मध्ये वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात आणि हे काम करणारे पुरुष 97 मिनिटं, असा आकडा त्यात आला. हे आपल्याला नवं नाही. मला त्यातली दुसरीच गोष्ट लक्षात राहिली. या पाहणीच्या वर्गीकरणात पाळीव प्राण्यांची निगा घरकामात धरली आहे, धुणं-केर-लादीच्या शेजारी. माणसांची शुश्रूषा, मुलांची देखभाल यांचा रकाना वेगळा. म्हणजे ठकीला उचलून बाथरूममध्ये नेणं, तिची मांडी धुणं, ती थरथरते म्हणून रात्री तिच्या पाठीवर हात ठेवून बसणं, हे सगळं लादी पुसण्याच्या हिशोबात जमा. सासूबाई शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होत्या, त्यांचंही मीच केलं. माझ्या हातांना त्या दोन कामांत रकान्याइतका फरक जाणवला नाही.

नवऱ्याने तोडगा काढला तो बहुतेक घरांत निघतो तोच: "मावशींना महिन्याला दोनशे रुपये जास्त देऊ." आमच्या मावशी ठकीचा खूप जीव करतात. आल्या आल्या तिला पारले बिस्कीट देतात, मग केरसुणी हातात घेतात. तरी मी त्यांना विचारलं तेव्हा त्या सरळ म्हणाल्या, "ताई, सासूचं काढलं, दारुड्या नवऱ्याचं काढलं. आता कुत्र्याचं नाही काढायची." मला हे उत्तर फार आवडलं. नवऱ्याला वाटलं की दोनशे कमी पडले असावेत.

इथे आपण जरा थांबायला हवं. दुसऱ्याची घाण हाताने उचलण्याचं काम आपल्या समाजाने विशिष्ट जातींवर लादलं आणि त्या जातींमध्येही बायकांवर जास्त. हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्ध 1993 मध्ये कायदा झाला, 2013 मध्ये तो अधिक कडक झाला. ते कायदे माणसाच्या मैल्याबद्दल आहेत, ठकीच्या गोधडीला लागत नाहीत, हे मला कळतं. पण "पैसे टाकले की कुणीतरी उचलेल" ही सवय तीच आहे. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा 2008 साली झाला. तो झाला हे चांगलंच, पण एखादं काम अंगावर आलं तर नाही म्हणायचं बळ बाईला त्यातून मिळत नाही. ते चार घरची कामं हातात असली तर मिळतं. मावशींच्या हातात ती आहेत म्हणून त्या बोलल्या. ज्यांच्याकडे एकच घर आहे त्या मान खाली घालून फडकं उचलतात, आणि आपण म्हणतो, "आमची बाई किती प्रेमळ, कुत्र्याचंसुद्धा करते."

काम कुणाचं हे ठरवण्याआधी काम किती हे पाहायला हवं, आणि ते कमी करता येतं. पहिलं म्हणजे डॉक्टर. "वय झालं, चालायचंच" हे वाक्य ऐकून परत येऊ नका. पाळी गेल्यावर बायकांना हेच वाक्य ऐकवतात, बाळंतपणात सैल झालेल्या स्नायूंबद्दलही हेच, आणि बाई पुढची वीस वर्षं जाड साडी नेसून, लांबचा प्रवास टाळून काढते. ठकीची आणि आपली गोष्ट इथे फार वेगळी नाही. ऑपरेशन करून गर्भाशय आणि अंडाशय काढलेल्या कुत्रीच्या अंगात इस्ट्रोजेन कमी होतं, मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू सैल पडतो आणि गाढ झोपेत लघवी झिरपते. तिला ते कळतही नाही, उठल्यावर ती स्वतःच ओल्या गोधडीकडे बघत राहते. यावर औषध आहे आणि पुष्कळ कुत्र्यांना त्याने चांगला उतार पडतो. ठकीची गोधडी औषध सुरू केल्यावर दोन आठवड्यांत कोरडी राहू लागली. तोवर घरात तिच्या मरणाची चर्चा दोनदा होऊन गेली होती!

डॉक्टरांकडे जाताना काय पाहिलं ते सांगता आलं पाहिजे, आणि ते पुसणारीलाच सांगता येतं. झोपेत झिरपतं की जागेपणी बसून करते? पाणी एकदम जास्त पिऊ लागली आहे का? तसं असेल तर मूत्रपिंड, मधुमेह किंवा ग्रंथींचा आजार पाहावा लागतो. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, कुंथून होतंय, लाल दिसतंय, तर जंतुसंसर्ग किंवा खडा असू शकतो. चालता चालता शी गळते आणि तिला पत्ता नसतो, तर कण्याच्या नसांकडे बघायला हवं. आणि रात्री घरभर फिरते, भिंतीकडे तोंड करून उभी राहते, बाहेर जाऊन येते आणि आत येऊन करते, हे म्हातारपणातलं विस्मरण असू शकतं. माणसांना होतं तसं कुत्र्यांनाही होतं. काहीवेळा कारण याहून साधं असतं: सांधे दुखतात म्हणून ती वेळेत उठू शकत नाही. दुखण्यावर औषध मिळतं, पण ते डॉक्टरांनीच द्यायचं. आपल्या डब्यातली आयब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरते.

पाणी तोडू नका. हा सल्ला मला चारजणांनी दिला, चौघेही कधी फडकं न धरलेले. मूत्रपिंड दुबळं झालेल्या जनावराचं पाणी तोडणं म्हणजे त्याला आजारी पाडणं. तोंड त्यात घासणं, वर्तमानपत्राची सुरळी दाखवणं, हेही नको. ती मुद्दाम करत नाही. ओरडल्याने एवढंच होतं की ती पलंगाखाली जाऊन करते, आणि पलंगाखाली वाकून पुसायचं कुणाला, हे सांगायला नकोच.

आमच्याकडे जे चाललं ते सांगते. जुन्या सुती साडीची गोधडी, तिच्याखाली जुना रेक्झिनचा तुकडा. एक वापरात, एक धुण्यात, एक वाळत. पावसाळ्यात तीन पुरत नाहीत, पाच लागतात. मोझेकच्या लादीवर तिचे पाय घसरतात, म्हणून तिच्या जागेपासून दारापर्यंत सतरंजीच्या पट्ट्या टाकल्यात, आता ती स्वतः उठते. उठल्या उठल्या, खाल्ल्यावर, आणि मध्ये दर तीन-चार तासांनी तिला हलवायचं. खाली नेताना पोटाखालून पंचा घालून मागचा भार उचलून धरायचा. जिना अगदीच जमत नसेल त्या दिवशी गॅलरीत कागद पसरलेला ट्रे. घरात झालंच तर आधी रद्दी कागद दाबून सगळं टिपून घ्यायचं, मग पाणी. आधीच पाणी ओतलं तर ते पसरतं आणि लादीच्या सांध्यांत मुरतं. काळं फिनाइल वापरू नका. ती पाय चाटते आणि ते पोटात जातं. अमोनियाचा वास येणारं काही नको, तिला तो आपल्याच लघवीसारखा वाटतो आणि ती जागा पक्की होते. वास मुळातून काढणारं एन्झाइमचं द्रावण मिळतं. महाग आहे, पण थोडं लागतं. व्हिनेगर चालतं असं सांगतात, पण शहाबादी किंवा मार्बलवर ते टाकलंत तर दगडावर डाग उठेल. हातमोजे घाला. लेप्टोची लागण कुत्र्याच्या लघवीतून होऊ शकते. त्याची लसही चालू ठेवा. तिची मांडी कोमट पाण्याने धुऊन कोरडी करा, नाहीतर कातडी सोलवटते आणि मग माश्या.

हे सगळं मिळून आमच्याकडे दिवसाला साधारण दीड तास होतं. मी चार आठवडे वहीत लिहिलं. तो कागद फ्रिजवर लावला आणि घरात सांगितलं, की ठकीला झोपेचं इंजेक्शन द्यायचं का, कुणाकडे द्यायचं का, यावर ज्याला मत द्यायचं आहे त्याने एक महिना तिचं करावं, मग बोलावं. शेतावर सोडण्याचं तर नावच काढू नये. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या 1960 च्या कायद्यात जनावराला उपाशी-तहानलेलं टाकून देणं हा गुन्हा आहे. दंड पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये, म्हणजे एका फिनाइलच्या बाटलीएवढाही नाही, तरी गुन्हा तो गुन्हाच.

इंजेक्शनच्या मी विरोधात नाही. तिला असह्य दुखत असेल, खाणं सुटलं असेल, तर ते द्यावं, आणि डॉक्टरांशी बोलून, तिच्याजवळ बसून द्यावं. ज्या बाईला एकटीने खरोखर करवत नाही, जिच्या घरात कोणीच हात लावायला तयार नाही, तिला मी निष्ठुर म्हणणार नाही. जे हात लावत नाहीत त्यांना म्हणेन. पण लादी ओली होते एवढ्यावर जीव घ्यायचा, तर लादी पुसण्याची पाळी लावून बघितली का, हे आधी विचारलं पाहिजे. "कुत्री" ही आपल्याकडे बाईला द्यायची शिवी आहे, आणि म्हाताऱ्या बाईबद्दलही घरोघर "आता हिचं काय करायचं" हीच कुजबुज चालते. ठकी तिच्या कोपऱ्यातून आमची बोलणी ऐकत असते तेव्हा मला ते आठवतं.

नवऱ्याने पहिल्या आठवड्यात दोनदा ओकारी काढली. तिसऱ्या आठवड्यात तो हातमोज्यांचा आकार लहान पडतो म्हणून तक्रार करत होता, म्हणजे घालत होता. हे कौतुकाने सांगत नाही. मी कधी ओकले का हे मला कुणी विचारलेलं नाही. मुलाकडे रात्रीची पाळी आहे, तो गजर लावून उठतो, आणि ज्या रात्री नाही उठत त्या रात्रीची गोधडी सकाळी तोच धुतो. मावशी बिस्कीट देतात आणि केर काढताना ठकीचा कोपरा सोडून देतात, तसं ठरलं आहे. माझ्याकडे औषधं आणि दुपार. पुढच्या महिन्यात तिचं रक्त पुन्हा तपासायचं आहे. दवाखाना कामाच्या दिवशीच उघडा असतो आणि रजा कुणी टाकायची हे अजून ठरलेलं नाही. कागद फ्रिजवर आहे, माझं नाव मी त्यावर लिहिलेलं नाही.