झाकली मूठ

मंडळी, दोन वर्षं मी आपल्या मंडळाचा खजिनदार होतो. ज्यांनी हे पद भूषवलंय त्यांना पुढचं सांगायला नको. वार्षिक सभेत हिशोब वाचायला उभा राहिलो, तर मागच्या रांगेतून प्रश्न आला, "दिवाळीच्या कार्यक्रमाची तिकिटं चारशे खपली म्हणता, मग ताटं तीनशे बारा कशी?" तेव्हा राग आला होता. पण चूक माझीच होती. चारशे तिकिटं कमिटीच्या लोकांनी विकायला नेली होती. खपली तीनशे बारा, बाकीची कुणाच्या गाडीत, कुणाच्या ड्रॉवरमध्ये पडून होती. नेलेली तिकिटं मी विकलेली म्हणून वाचली. सभेनं भर हॉलमध्ये दुरुस्ती करायला लावली.

आज मला त्याच मागच्या रांगेत बसून एक प्रश्न विचारायचा आहे. मंडळाला नव्हे, आपल्या पोरांच्या खोलीत जी व्हिडिओ गेमची यंत्रं बसलेली आहेत, ते कन्सोल विकणाऱ्या कंपन्यांना. तुमचं यंत्र किती खपलं?

काहींना हा अगदीच पोरखेळ वाटेल. पण नव्या पिढीचं यंत्र आज साधारण चारशे डॉलरपासून पुढे. त्यावर जास्तीचा कंट्रोलर आला, मग साठ-सत्तर डॉलरचा एकेक गेम. वर्षभरात हजाराला कधी हात लागतो कळत नाही. शिवाय हा काही टोस्टर नव्हे. शेजाऱ्यानं टोस्टर घेतला नाही म्हणून आपला पाव भाजायचा थांबत नाही. कन्सोलचं तसं नाही. ते किती घरांत आहे हे बघूनच बाहेरच्या कंपन्या त्याच्यासाठी गेम काढायचे की नाही ते ठरवतात. यंत्र थोड्यांनी घेतलं की गेम कमी येतात, गेम कमी आले की यंत्र आणखी कमी खपतं. तेव्हा किती खपलं हा आकडा म्हणजे आपण घेतलेल्या वस्तूच्या आयुष्याची पत्रिकाच. ती बघितल्याशिवाय आपण मुलीचं लग्न ठरवत नाही (निदान आपल्या आई-वडिलांनी तरी ठरवलं नसतं), पण हजार डॉलर मात्र खुशाल मोजतो.

मीही मोजले. काही वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये मुलीसाठी एक यंत्र घेतलं. दुकानातला पोरगा म्हणाला, हातोहात खपतंय, उद्या मिळणार नाही. दीड वर्षात त्याच्यावर नवे गेम यायचे जवळजवळ थांबले. वर्गातल्या मैत्रिणी दुसऱ्याच यंत्रावर एकमेकींशी ऑनलाइन खेळायच्या आणि आमची कन्या एकटी. "बाबा, तुम्ही चुकीचं आणलंत," एवढंच म्हणाली. मी हिशोबाचा माणूस; ते वाक्य मला फार लागलं. घेण्यापूर्वी मी चौकशी केली नव्हती असं नाही. पण खपाचा आकडा कुठे सापडला नाही.

पूर्वी सापडायचा. एनपीडी नावाची कंपनी अमेरिकेतल्या दुकानांच्या गल्ल्यावरची माहिती गोळा करायची आणि दर महिन्याला कोणतं यंत्र किती खपलं ते आकडे पत्रकारांच्या हाती पडायचे. २०१० मध्ये तिनं ते जाहीर करणं बंद केलं. ती कंपनी आता सिरकाना या नावानं चालते. पहिला कोण, दुसरा कोण हे सांगते. गिऱ्हाइकांनी एकूण किती डॉलर खर्च केले हेही सांगते. पण कोणत्या यंत्राचे किती नग, ते फक्त वर्गणी भरणाऱ्या कंपन्यांना. म्हणजे परीक्षेचा निकाल लागला, नंबर कळले, गुण मात्र शाळेच्या कपाटात! पहिल्या-दुसऱ्यात दोन गुणांचा फरक आहे की पन्नासाचा, हे पालकांनी ओळखायचं.

त्यानंतर जो जिंकेल तोच बोलू लागला. एक्सबॉक्स ३६० अमेरिकेत पुढे होता तेव्हा मायक्रोसॉफ्ट महिन्याच्या महिन्याला आकडा जाहीर करायची. पुढे एक्सबॉक्स वन मागे पडला. नोव्हेंबर २०१४ मध्ये सुमारे एक कोटी यंत्रं दुकानांकडे गेल्याचं सांगितलं आणि ऑक्टोबर २०१५ पासून यंत्रांची मोजणी सांगणंच सोडून दिलं. त्याऐवजी महिन्याला किती लोक ऑनलाइन येतात ते मोजणार म्हणे. खरी गोष्ट कळली ती २०२२ मध्ये, तीही ब्राझीलमधून! अ‍ॅक्टिव्हिजन कंपनी विकत घेण्यासाठी तिथल्या स्पर्धा आयोगापुढे कागद सादर करावे लागले, आणि त्यात मायक्रोसॉफ्टनंच मान्य केलं की मागच्या पिढीत सोनीनं आपल्या दुपटीहून जास्त यंत्रं विकली. न्यू जर्सीच्या दुकानात पैसे मोजणाऱ्याला सात वर्षं जे सांगितलं नाही, ते ब्राझीलच्या सरकारी फायलीत.

सोनीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. प्लेस्टेशन ४ आणि ५ चे आकडे छाती फुगवून सांगितले, पण व्हिटा हे हातातलं यंत्र चालेना तेव्हा त्याचा आकडा जुन्या पीएसपीच्या आकड्यात मिसळून द्यायला लागली. आमटी पातळ झाली की भात जास्त वाढायचा, तसं.

उलट निन्टेन्डोकडे बघा. वी यू हे त्यांचं यंत्र सपशेल पडलं. मार्च २०१४ ला संपणाऱ्या वर्षात ९० लाख विकू म्हणाले होते. जानेवारीत तो अंदाज २८ लाखांवर आणला आणि प्रत्यक्षात झाले २७ लाख २० हजार. सगळं छापलं. आजही त्यांच्या तक्त्यात वी १० कोटी १६ लाख आणि त्याच्याच शेजारी वी यू १ कोटी ३५ लाख ६० हजार, असं उघड्यावर मांडलेलं आहे. मार्च २०२३ मध्ये वी यूचं ऑनलाइन दुकान विक्रीसाठी बंद झालं तेव्हा लोक हळहळले, पण फसवलं असं कुणाला म्हणता आलं नाही. जानेवारी २०१४ चा तो आकडा ज्यानं वाचला तो शहाणा झाला असेल. अर्थात निन्टेन्डोचा आकडाही दुकानांकडे गेलेल्या मालाचा आहे, घरी पोचलेल्या नव्हे. माझ्या चारशे तिकिटांसारखाच.

रेडमंडला नोकरी करणारा माझा एक मित्र यावर चिडला. "हा कंपनीचा खाजगी मामला आहे. आणि एनपीडीनं पैसे खर्चून जमवलेली माहिती तुला फुकट का द्यावी?" एनपीडीचं त्याचं म्हणणं मला मान्य आहे. तिची माहिती तिनं विकावी. पण आपण स्वतः किती यंत्रं विकली हे सांगायला कंपनीला कुणाची वर्गणी भरावी लागत नाही. मोटारी बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या कुठलं मॉडेल इथे किती गेलं ते नियमित सांगतात, त्यांचं काही दिवाळं निघालं नाही. उलट हा रोगच पसरतो आहे. अ‍ॅपलनं २०१८ मध्ये आयफोनचे नग सांगणं थांबवायचं ठरवलं, नेटफ्लिक्सनं २०२५ पासून दर तिमाहीला वर्गणीदार मोजून सांगणं बंद केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय!

आणि आपण नुसते गिऱ्हाईक नाही. इथे बसलेल्या कितीतरी जणांच्या फोर-ओ-वन-के मध्ये मायक्रोसॉफ्टचे शेअर आहेत, इंडेक्स फंडातून का होईना. मंडळाच्या श्रीखंडाचा हिशोब मागणारे आपण, आपल्याच कंपनीला विचारायला का लाजतो? गुंतवणूकदार विभागाला पत्र लिहायला दहा मिनिटं लागतात. मी दोन लिहिली आहेत. एकाचं उत्तर आलं: आभार मानले आहेत, आकडा नाही.

यंदा धाकट्याला नवं यंत्र हवं आहे. मी अट घातली, आधी आकडा आण. तो दुसऱ्या दिवशी जपानचा आठवड्याचा खप घेऊन आला. फामित्सू नावाचं तिथलं मासिक दर आठवड्याला अंदाज जाहीर करतं. "आणि इथला?" मी विचारलं.

"इथला मिळत नाही, बाबा."

यंत्र अजून घेतलेलं नाही. घरात माझ्याशी सध्या फक्त हिनंच बोलणं चालू ठेवलंय.