तिजोरीची किल्ली कोणाकडे?

चुकाऱ्याची वाट पाहणे म्हणजे काय, हे धान पिकविणाऱ्या भंडारा जिल्ह्याला कोणी शिकवावयास नको. त्याच घरातील तरुण आज मोबाइलवर आभासी चलन घेतो आणि पैसे काढताना पुन्हा वाटच पाहतो.

हा विलंब दोन प्रकारचा. व्यवहाराच्या नोंदीची पडताळणी, ग्राहकाची ओळख, इंटरनेटपासून दूर राखलेली ठेव हलविण्यास लागणाऱ्या अनेकांच्या संमती, हा सावधगिरीचा. दुसरा तिजोरी फुटल्याचा. १८ जुलै २०२४ रोजी ‘वझीरएक्स’ या भारतीय विनिमय केंद्रातून सुमारे २३ कोटी डॉलरची चलने चोरीस गेली आणि पैसे काढणे थांबविण्यात आले. ग्राहक भारतीय, प्रकरण मात्र सिंगापूरच्या न्यायालयात! व्यवहार पुन्हा सुरू होण्यास ऑक्टोबर २०२५ उजाडला.

बँक बुडाली तरी ५ लाखांपर्यंतच्या ठेवीस विम्याचे कवच असते. येथे तेही नाही. २०२२ पासून शासन या नफ्यावर ३० टक्के कर घेते. कर घेणाऱ्याने रक्षणाचा कायदाही करावयास हवा. तोवर कार्यकर्त्यांनी घरोघरी एकच प्रश्न पोहोचवावा : पैसा आपला, पण किल्ली कोणाकडे?