लेन्स कोणती घेऊ?

आमचे डॉक्टर दक्षिण अमेरिकेला निघालेत. काल विचारत होते, लेन्स कोणती घेऊ?

पॅटागोनियाच्या डोंगरांना १६-३५ पुरे. ब्राझीलच्या पँटानलमध्ये जग्वार नदीकाठी आणि आपण हलत्या बोटीत, तिथे १००-४०० हवीच. गॅलापागोसला मात्र सी लायन वाटेतच लोळत असतो. मोबाइलवरही फोटो येतो. तरी नियम आहे: २ मीटर लांब राहा, फ्लॅश नको.

आणि आपल्याकडे? ताडोब्यात वाघ दिसला की जिप्सीवाल्याला आपणच म्हणतो, "दादा, अजून थोडी पुढे घ्या ना!" हातात लाखाची लेन्स असते हो! मग ती घेतली कशाला?

डॉक्टरांना एवढंच सांगितलं, झूम करा, पुढे सरकू नका. ड्रोनही घरीच ठेवा, गॅलापागोसला पर्यटकांना मनाई आहे.