शिक्का मारण्यापूर्वी

कवीने लिहावे आणि समीक्षकाने त्याचे स्थान ठरवावे, अशी सोयीची वाटणी मराठीत रूढ झाली आहे. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला तेव्हा प्रस्तावना लिहिली ती विजय तेंडुलकरांनी, म्हणजे एका नाटककाराने. कामाठीपुऱ्याच्या त्या जगातले अनेक शब्द आपल्याला ठाऊक नाहीत हे त्यांनी लपवले नाही. कवीलाच अर्थ विचारले, त्याच्यासोबत ती वस्ती पाहिली. पांढरपेशा वाचकाला या कवितेपर्यंत नेणारी वाट अज्ञानाच्या अशा कबुलीतून निघाली.

परळ-लालबागच्या गिरणगावातून आलेल्या नारायण सुर्व्यांच्या वाट्याला मात्र ‘कामगार कवी’ हा शिक्का आला. गौरवाचाच, पण शिक्का! त्यांच्या कवितेत माणसे आपापल्या बोलीत बोलतात. ती बोली कवितेत नेमके काय घडवते, हे तपासण्याची निकड मग उरत नाही.

आजच्या बहुतेक प्रस्तावना स्नेहापोटी लिहिल्या जातात आणि त्यांत एकही ओळ धड उलगडलेली नसते. आपण प्राध्यापक मंडळी तरी काय वेगळे करतो? अडलेला शब्द तसाच सोडून विद्यार्थ्यांकडून ‘विद्रोही जाणीव’ या विषयावर टिपा लिहून घेतो.