दार उघडं, वर्ग सकाळी दहाला

बे एरियातल्या मराठी मंडळींच्या जेवणावळीत कम्युनिटी कॉलेजचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "प्रवेश सगळ्यांना, फी नाममात्र, वर आता म्हणे किराणाही फुकट देतात. तरी पोरं पूर्ण करत नाहीत, मग दोष कुणाचा?" बोलणारे बहुधा इंजिनिअर असतात आणि त्यांचं गणित पक्कं असतं. मी अशाच एका कॉलेजच्या समुपदेशन विभागात काम करते हे त्यांना माहीत असतं, त्यामुळे पुढचं वाक्य माझ्याकडे बघून येतं, "तुम्ही लोक फार लाड करता त्यांचे."

हे म्हणणं हसून सोडून देण्याजोगं नाही, कारण त्यातला अर्धा भाग खरा आहे. कॅलिफोर्नियात 116 कम्युनिटी कॉलेजं आहेत आणि त्यांत सुमारे 20 लाख विद्यार्थी शिकतात. शिकून ज्याचा फायदा होऊ शकेल त्या कुणालाही आत घ्यायचं, हे राज्याच्या 1960च्या उच्चशिक्षणाच्या मास्टर प्लॅननं ठरवून दिलं. फी युनिटमागे 46 डॉलर आहे आणि 2012पासून तेवढीच आहे. वर्षाला 30 युनिटं घेतली तरी 1,380 डॉलर होतात, आणि उत्पन्न कमी असेल तर तीही माफ. दार सताड उघडं आहे. इथवर पूर्वपक्ष मला मान्य.

वाद आहे तो दाराच्या आतल्या गोष्टींबद्दल. फी हा या विद्यार्थ्यांचा सगळ्यात लहान खर्च असतो. मोठा खर्च घरभाड्याचा. ते भागवायला नोकरी लागते, नोकरीवर जायला गाडी, आणि गाडीला पुन्हा पैसे. बरं, हे सगळं जमवून विद्यार्थी आत आला की त्याच्यापुढे जे अडथळे येतात, त्यांतले निम्मे गरिबीनं उभे केलेले नसतात. ते कॉलेजनं केलेले असतात. माझं म्हणणं एवढंच आहे की विद्यार्थी-साहाय्याची आणि समन्यायाची योजना आखायची असेल, तर आधी या अडथळ्यांचा हिशेब मांडला पाहिजे. मदतीच्या योजनांची यादी त्यानंतर.

सगळ्यात मोठा अडथळा कित्येक वर्षं दयेच्या नावाखाली चालला. नवा विद्यार्थी आला की त्याला संगणकावर तासा-दीड तासाची प्लेसमेंट परीक्षा द्यायला बसवायचं. तयारी नाही, उजळणी नाही, अनेकांना तर हिच्यावर आपली दोन वर्षं ठरणार आहेत याचा पत्ताही नसायचा. गुण कमी पडले की रवानगी रेमेडियल, म्हणजे पाया पक्का करायच्या वर्गात. आधी अंकगणित, मग प्राथमिक बीजगणित, मग माध्यमिक, आणि त्यानंतर कुठे विद्यापीठात धरलं जाणारं गणित. पहिल्या तीन वर्गांचं एकही युनिट विद्यापीठात धरत नसत. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्या दर पाच जणांपैकी चार जण असा निदान एक तरी वर्ग घेत होते.

याच्या बाजूनं आमच्याच विभागातले जुने प्राध्यापक अगदी कळकळीनं बोलत. पाया कच्चा असताना वरचा मजला चढवायचा कसा, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न प्रामाणिक आहे, पण त्याचं उत्तर साध्या गुणाकारात आहे. समजा, प्रत्येक वर्गात 100पैकी 75 पास होतात, आणि पास झालेल्यांपैकी 85 टक्के पुढच्या वर्गात नाव घालतात. दोन्ही आकडे चांगलेच म्हणायचे, कुठलाही विभागप्रमुख ते अभिमानानं सांगेल. पण अशा चार वर्गांची साखळी करा. अंकगणितापासून निघालेल्या 100 जणांतले शेवटचा वर्ग पार करतात सुमारे 19. उरलेल्या 81 जणांत 'नापास' शिक्का बसलेले बरेच आहेत, पण कितीतरी जण कुठेच नापास झालेले नाहीत. कुणाची शिफ्ट बदलली, कुणाचं मूल आजारी पडलं, कुणाला पुढच्या सत्रात जागा मिळाली नाही. साखळी जितकी लांब, तितक्या गळण्याच्या जागा जास्त. आणि या साखळीच्या पार तळाशी कोण बसवले जात होते? काळे आणि लॅटिनो विद्यार्थी, घरात पहिल्यांदाच कॉलेजात आलेले, दहा-बारा वर्षांनी पुन्हा वही उघडणारे. अशा परीक्षेपेक्षा शाळेतलं प्रगतिपुस्तक क्षमता जास्त नेमकेपणानं सांगतं हे हळूहळू सिद्ध होत गेलं. देशभर वापरली जाणारी कम्पास ही परीक्षा तिच्या स्वतःच्या संस्थेनंच 2016मध्ये बंद केली.

2017मध्ये कॅलिफोर्नियात एबी 705 कायदा आला. विद्यार्थी थेट वरच्या वर्गात यशस्वी होण्याची शक्यता अगदीच कमी आहे हे दाखवल्याशिवाय त्याला रेमेडियलमध्ये ढकलता येणार नाही, असं त्यानं सांगितलं. दर्जा घसरणार म्हणून ओरड झाली. प्रत्यक्षात पहिल्या वर्षात विद्यापीठ-पातळीचं गणित पार करणाऱ्यांचं प्रमाण सगळ्याच गटांत वाढलं. वर्गातल्या नापासांची संख्याही वाढली, हे लपवायचं कारण नाही. गटागटांतली दरीही मिटलेली नाही. पण आधीच्या पद्धतीत जे त्या वर्गापर्यंत पोहोचतच नव्हते त्यांना कुणी मोजतच नव्हतं, एवढं लक्षात ठेवून मग तुलना करावी.

आता आमच्या स्वतःच्या घराकडे वळते, कारण इक्विटी प्लॅन, म्हणजे समन्यायाचे आराखडे लिहिणारे आम्हीही काही धुतल्या तांदळाचे नाही. कॅलिफोर्नियात असे आराखडे 1992पासून लिहिले जातात, पण त्यांच्यासाठी वेगळे पैसे आले ते 2014-15मध्ये, 7 कोटी डॉलर. 2018मध्ये प्रवेश-मार्गदर्शन, समन्याय आणि मूलभूत कौशल्यं या तीन निधींची मोट बांधून एकच कार्यक्रम झाला, सुमारे 47.5 कोटींचा. पैसा आला की यादी येते. संशोधन विभाग तक्ता देतो. कुठला गट कुठे मागे पडतो हे त्यात लाल अक्षरात असतं. समिती तो तक्ता गंभीर चेहऱ्यानं वाचते आणि पुढच्या पानावर उपाय लिहिते : कार्यशाळा, मार्गदर्शक-मित्र, स्वागत समारंभ, टी-शर्ट. मी अशा बैठकांत बसलेली आहे. टी-शर्टच्या रंगावर जितकी चर्चा झाली, तितकी वेळापत्रकावर झालेली मला आठवत नाही.

आणि मेख तर वेळापत्रकातच असते. वेअरहाऊसमध्ये रात्रपाळी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचं उदाहरण सांगते. संख्याशास्त्र तिनं संध्याकाळच्या वर्गात उत्तम गुणांनी पार केलं. तिच्या अभ्यासक्रमाचा पुढचा विषय फक्त सकाळी दहाला होता. संध्याकाळचा वर्ग जाहीर झाला होता, पण सत्र सुरू व्हायच्या आठवडाभर आधी पुरेशी नावं नाहीत म्हणून रद्द झाला. तिनं दुसरा विषय घ्यायचं ठरवलं, तर नोंदणीच होईना. का, तर ग्रंथालयाचा जुना दंड थकलेला, रक्कम वीस डॉलरच्या आतली. दंड भरायची खिडकी चारला बंद, ती कॉलेजात येते साडेपाचला. समुपदेशकाची वेळ मिळाली अडीच आठवड्यांनी, तोवर नोंदणी संपलेली. या मुलीला ट्यूटरची गरज नव्हती. तिला प्रेरणादायी भाषणाची तर मुळीच नव्हती. पण आमच्या आराखड्यात तिच्यासाठी याच दोन गोष्टी होत्या, आणि भाषण दुपारी दोनला.

विद्यार्थ्यांना हात देणारे जुने कार्यक्रमही आहेत : ईओपीएस 1969पासून आहे, पुएन्ते 1981मध्ये हेवर्डच्या शाबो कॉलेजात सुरू झालं. या कार्यक्रमांबद्दल मला आदर आहे, त्यांतून शिकून गेलेले विद्यार्थी आज आमचे सहकारी आहेत. पण ते लहान आहेत आणि मागणाऱ्यालाच मिळतात. मागायचं कुणाकडे, केव्हा, कोणत्या फॉर्मवर, हे घरी कुणी कॉलेज पाहिलेलं असेल तर कळतं. म्हणजे मदत ज्याला सर्वांत जास्त हवी, त्यालाच तिचा पत्ता सर्वांत शेवटी लागतो. 2022च्या जुलैपासून प्रत्येक कॉलेजात मूलभूत गरजांचं केंद्र असणं कायद्यानं बंधनकारक आहे. ते उत्तमच, उपाशी पोटी बीजगणित होत नाही. पण ते केंद्रही पाचला कुलूप लावून घरी जाणार असेल तर मग काय बोलायचं!

मग करायचं काय? न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं 2007मध्ये 'एसॅप' नावाचा कार्यक्रम सुरू केला. पूर्णवेळ शिकायची अट, आणि त्याबदल्यात मेट्रोचा पास, पुस्तकं, सोयीचे वर्ग राखीव, आणि एक सल्लागार, ज्याच्याकडे 60 ते 80 विद्यार्थी. इतर विद्यार्थ्यांच्या सल्लागारांकडे 600 ते 1,500 असत. सल्लागाराला भेटायलाच हवं, मागायची वाट बघायची नाही. चिठ्ठ्या टाकून गट पाडले आणि तपासणी केली. तीन वर्षांत पदवी घेणारे एसॅपमध्ये 40 टक्के, बाकीच्यांत 22. ओहायोतल्या तीन कॉलेजांनी ते उचललं, तिथे 35 विरुद्ध 19. आता लाडांचा मुद्दा घेऊ. न्यूयॉर्कच्या तपासणीत तीन वर्षांत विद्यार्थ्यामागे सुमारे 16,300 डॉलर जास्त लागले, पण पदव्या इतक्या वाढल्या की एका पदवीमागचा खर्च उलट कमी निघाला. पक्क्या गणितवाल्यांनी हा भागाकार जरूर करून पाहावा.

एसॅप जसंच्या तसं आमच्याकडे आणता येईल असं मी म्हणत नाही. आमचे बहुतेक विद्यार्थी अर्धवेळ आहेत; दोन मुलांच्या आईला पूर्णवेळची अट घालणं म्हणजे तिला बाहेर काढणं. घ्यायची आहे ती त्यातली रीत : मदत न मागता पोहोचावी, आणि ती तुकड्यातुकड्यांनी न येता एकत्र यावी.

आणि आपल्या मराठी माणसाला हे कुणी शिकवायची खरं तर गरज पडू नये. 1901मध्ये इलिनॉयमध्ये जोलिएटला कनिष्ठ महाविद्यालय सुरू झालं, आज चालू असलेल्या अशा सार्वजनिक महाविद्यालयांत ते सर्वांत जुनं. त्याच वर्षी कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पुढाकारानं मराठा विद्यार्थ्यांचं वसतिगृह उभं राहिलं आणि पाठोपाठ इतर समाजांची. शाळा-कॉलेज शहरात होतंच, खेड्यातल्या पोराला तिथे राहायला-जेवायला जागा नव्हती. भाऊराव पाटलांनी पुढे 'कमवा आणि शिका' उभं केलं, तेही याच जाणिवेतून. त्या बोर्डिंगांतल्या आमटी-भाकरीवर आपल्यातल्या कित्येकांचे आजे-पणजे शिकले. त्याला कुणी लाड म्हटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

राहिला पैशाचा स्थिरपणा, आणि तिथेच मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. 2009च्या मंदीत मार्गदर्शनासाठीचा राज्याचा निधी एका झटक्यात जवळपास निम्मा झाला होता, आणि त्याच सुमाराला नोकऱ्या गेलेले लोक आमच्या दारात रांगा लावून उभे होते. म्हणून आराखड्याचा मसुदा हाती आला की मी उद्दिष्टांची पानं उलटून थेट अंदाजपत्रकावर जाते. सल्लागारांची किती पदं कॉलेजच्या कायम खर्चात धरली आहेत आणि किती 'अनुदान असेपर्यंत'? संध्याकाळच्या वर्गाला कमी नावं आली तरी तो चालवायचा, यासाठी रक्कम बाजूला काढली आहे का? ग्रंथालयाच्या दंडासाठी नोंदणी अडवायची नाही, या ठरावाला तर पैसाही लागत नाही; तो पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर मी टी-शर्टच्या आधी घालायला लावणार आहे.