गुप्त प्रयोगांच्या गोष्टी : संशय घ्या, पण कागद मागा



तासगाव तालुक्यातल्या वस्त्यांमध्ये काम करताना तरुणांच्या मोबाईलवर एक प्रकार नेहमी दिसतो. लष्कराच्या गुप्त प्रयोगांचे व्हिडिओ. कोरोना लष्करी लॅबमधून सोडला, लशीतून अंगात चिप घातली, वगैरे. त्यावर आपल्यात दोन तट पडतात. एक म्हणतो, सरकार लपवतंय म्हणजे हे खरंच असणार. दुसरा म्हणतो, आपण विज्ञानवादी आहोत, असल्या अफवांकडे बघायचंसुद्धा नाही. माझं म्हणणं असं की अभ्यासाचे कष्ट दोघांनाही नको आहेत.

आधी दुसऱ्या तटाला उत्तर देतो. गुप्त लष्करी प्रयोग झालेले आहेत, आणि आपल्याच माणसांवर झालेले आहेत. १९३० च्या दशकापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत पोर्टन डाउन या ब्रिटिश रासायनिक युद्ध संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ रावळपिंडीत काम करत होते. त्यांनी शेकडो भारतीय शिपायांवर मस्टर्ड वायूचे प्रयोग केले. हाफ पँट आणि सुती शर्ट घातलेल्या शिपायांना गॅस चेंबरमध्ये पाठवलं. गोऱ्या कातडीपेक्षा भारतीय कातडी जास्त भाजते का, हा त्यांच्या अभ्यासाचा एक विषय होता! अनेकांना गंभीर जखमा झाल्या, काहींना दवाखान्यात ठेवावं लागलं. जिथं साहेबाचा हुकूम मोडला की शिक्षा, तिथं पोटासाठी पलटणीत गेलेल्या माणसाच्या संमतीला काय अर्थ होता? ही गोष्ट २००७ साली 'द गार्डियन' या वृत्तपत्राने ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील कागदांच्या आधारे मांडली. त्यामुळे 'असं काही होतच नसतं' हे म्हणणं इतिहासाला धरून नाही.

आता पहिला तट. त्यांच्यासाठी महाराष्ट्राशीच जोडलेलं एक प्रकरण सांगतो. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्याचा विषाणू शोधला. तो रशियातल्या एका विषाणूच्या जातकुळीचा निघाला. मग शंका आली की सायबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींमधून तो आला असेल का? मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सलीम अलींच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा अभ्यास करू लागली. सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेची मदत होती. पुढे या कामाला अमेरिकी लष्कराच्या पैशावर चालणाऱ्या एका प्रकल्पाचा आधार मिळाला.

१९७४ मध्ये पत्रकारांनी हा पैशाचा धागा बाहेर काढला. पक्ष्यांमार्फत रोग पसरवण्याचा, म्हणजे जैविक युद्धाचा हा अभ्यास तर नाही ना, असा प्रश्न विचारला गेला. त्याच सुमारास दिल्लीतल्या डासांवरच्या एका संशोधन प्रकल्पावरही असाच आरोप झाला. तोही अमेरिकी निधीवर चालत होता. संसदेच्या लोकलेखा समितीने खात्यांच्या साक्षी घेतल्या आणि १९७५ मध्ये आपला १६७वा अहवाल दिला. अशी माहिती जैविक युद्धासाठी वापरली जाऊ शकते आणि सरकारने पुरेशी दक्षता घेतली नाही, असा तिचा रोख होता. डासांचा प्रकल्प त्याच वर्षी गुंडाळला गेला.

मग सिद्ध काय झालं? परकीय लष्कराचा पैसा होता, हे. देशाचं नियंत्रण ढिलं होतं, हे. पक्ष्यांमार्फत भारतात रोग सोडला गेला, हे मात्र सिद्ध झालं नाही, आणि सोसायटीने तो आरोप नाकारला. जे सिद्ध झालं तेवढं पुरेसं गंभीर होतं. व्हिडिओवाला इथंच घोटाळा करतो. तो पैशाचा पुरावा दाखवतो आणि रोग पसरवल्याचा निष्कर्ष गळी उतरवतो.

याचं नुकसान कुणाला होतं, ते पाहा. तोच माकडताप २०१६ साली सिंधुदुर्गात पोचला. जंगलात लाकूडफाट्याला जाणारे आणि काजूच्या बागेत राबणारे लोक त्याच्या वाटेवर असतात. 'हे सगळं अमेरिकेचं कारस्थान' म्हणून आपण मोकळे झालो, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीची सोय आहे का, हे कोण विचारणार?

आणखी एक उदाहरण. हे लष्करी नाही, पण आपल्या जास्त जवळचं आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि नंतर गुजरातच्या वडोदऱ्यात हजारो मुलींना एचपीव्हीची लस देण्यात आली. त्यांत आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. काही मुली दगावल्या आणि २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला. चौकशीत त्या मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. पण पालकांच्या जागी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी संमतीपत्रांवर सह्या केल्याचं उघड झालं, आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने कडक ताशेरे ओढले. म्हणजे 'लस मारते' हा आरोप टिकला नाही. 'आमच्या लेकरांना न विचारता प्रयोग का केला' हा आरोप टिकला. आज गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून आपल्या मुलींना वाचवणारी हीच लस आपण नाकारायची का? नाही. लस घ्यायची, आणि सही करण्याआधी कागदही वाचायचा.

तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना हेच सांगितलं होतं. ऐकीव आहे, परंपरेने आलंय, ग्रंथात आहे किंवा सांगणारा मोठा आहे एवढ्यावरून मानू नका, स्वतः तपासा. फॉरवर्ड झालेला व्हिडिओ ही आजची ऐकीव गोष्टच आहे. तो पोथीऐवजी मोबाईलवर आला म्हणून पवित्र होत नाही. आणि सरकारी पत्रकही तपासाविना पवित्र होत नाही.

तपासायचं कसं? तीन प्रश्न विचारा. पैसा कुणाचा? ज्यांच्यावर प्रयोग झाला त्यांची संमती कुठं आहे? मूळ कागद कुणी पाहिला? माहितीचा अधिकार लष्करी संस्थांपुढे संपतो, असं समजू नका. २००५ च्या कायद्याच्या कलम २४ ने डीआरडीओसारख्या संस्थांना सूट दिली आहे, पण भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या आरोपांची माहिती त्या सुटीत येत नाही. आपल्यातल्या किती जणांनी हे कलम वाचलंय?

आणि एक आपल्या शिवारातलं. रात्री गुप्त लॅबचे व्हिडिओ पाहणारा आपला भाऊ सकाळी तोंडाला नुसता रुमाल बांधून द्राक्षबागेत औषध मारायला जातो. डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे अतिविषारी, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्यात गुप्त काहीच नव्हतं, सगळं डब्यावर छापलेलं होतं. येत्या रविवारी विहारात बसाल तेव्हा एक रिकामा डबा घेऊन या आणि त्यावरचं सगळं मोठ्याने वाचा. हातमोजे आणि मास्क बागमालकाकडून मागायची सुरुवात तिथूनच करू.

जय भीम. नमो बुद्धाय.